२४ तास पाणी : एका वॉर्डात येतं, शेजारच्या वॉर्डात का नाही?

बेळगावात भाड्यानं घर बघायला गेलं की भाड्याच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो, 'पाणी चोवीस तासाचं आहे का?' कारण शहराच्या काही वॉर्डांत २००८ पासून नळ केव्हाही सोडला तरी पाणी येतं. बाकीच्या शहराला मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं व्हॉल्व्हमनची वाट बघावी लागली. रात्री दोनला पाणी सुटलं तर रात्री दोनला उठायचं, बॅरल-घागरी भरायच्या, मोटर लावायची. धरण तेच, महापालिका तीच, तरी एका गल्लीत सुख आणि पलीकडच्या गल्लीत जागरण.

हा फरक तीन ठिकाणी घडतो : योजना आखताना, पैसा उभा करताना आणि काम देताना. बेळगाव आणि हुबळी-धारवाडच्या या प्रयोगाकडे देशभरातले पाणीपुरवठा अधिकारी बघायला आले. पण दहा टक्के शहराला जमलेली गोष्ट उरलेल्या नव्वद टक्क्यांना मिळायला इतका उशीर का झाला, हे इथल्या नागरिकाला नीट समजावून कुणी सांगितलं नाही. पुणे, नागपूर, इंदूर, वडोदरा, गोवा अशा ठिकाणच्या वाचकांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

प्रयोग नेमका काय होता?

२००४ मध्ये जागतिक बँकेनं कर्नाटकच्या शहरी पाणीपुरवठा सुधारणा प्रकल्पासाठी सुमारे ३.९५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी (तेव्हाचं गुलबर्गा) ही शहरं निवडली गेली. अंमलबजावणीची जबाबदारी कर्नाटक नागरी पायाभूत सुविधा विकास व वित्त महामंडळाकडे होती.

अख्खं शहर एकदम हाती न घेता या शहरांतले पाच प्रात्यक्षिक विभाग निवडले : बेळगावात दोन, हुबळी, धारवाड आणि कलबुर्गीत एकेक. या शहरांच्या साधारण दहा टक्के लोकसंख्येला त्याचा लाभ होणार होता. काम फ्रान्सच्या वेओलिया समूहातल्या कंपनीला मिळालं. २००८ मध्ये या विभागांत २४ तास पाणी सुरू झालं. त्यापूर्वी तिथं दोन-चार दिवसांतून एकदा, तेही काही तासच पाणी यायचं.

तोवर जाणकारांतही समज असा होता की भारतातल्या शहरांना २४ तास पाणी परवडणारच नाही, तेवढं पाणी धरणात नाही. या पाच विभागांनी तो समज खोटा पाडला. यासाठी नवीन धरण बांधावं लागलं नाही. बेळगावला राकसकोप आणि हिडकलचंच पाणी होतं. बदललं ते पाईपचं जाळं आणि ते सांभाळायची रीत.

आडदिवशीचं पाणी महाग कसं?

तुटक पुरवठ्यानं पाण्याची बचत होते असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात अनेकदा उलटंच होतं.

पाणी सुटलं की सगळ्या गल्लीचे नळ एकाच वेळी उघडतात. पाईप तेवढ्या गर्दीसाठी केलेला नसतो. मग वरच्या घरांना जोर मिळतो आणि शेवटच्या घराला थेंब. शेवटचा माणूस मोटर लावतो, ती बघून शेजारी लावतो. पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्यानं मिळेल तेवढं साठवायचं आणि नवं पाणी आलं की शिळं ओतून द्यायचं, ही सवय बहुतेक घरांत आहे. बऱ्याच नळांना चाव्याच नसतात, ते वाहत राहतात.

दुसरी गोष्ट आरोग्याची. पाईप भरलेला आणि दाबाखाली असेल तर फटीतून पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पाईप रिकामा झाला की गटाराशेजारच्या फटीतून घाण आत ओढली जाते. हुबळी-धारवाडमध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या विभागांतलं नळाचं पाणी तपासलं. तुटक पुरवठ्याच्या भागात जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत ई-कोलाय जिवाणू सापडले, २४ तासांच्या भागात शंभरात एकापेक्षाही कमी नमुन्यांत. २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या आरोग्य पाहणीचं चित्र मात्र मिश्र आहे. लहान मुलांच्या एकूण जुलाबात ठळक फरक आढळला नाही, पण टायफॉईड झाल्याचं सांगणारी घरं २४ तासांच्या भागात कमी होती आणि गरीब घरांतल्या मुलांमध्ये रक्ती जुलाबाचं प्रमाणही कमी होतं. म्हणजे २४ तास पाणी हे सगळ्या रोगांवरचं औषध नव्हे, पण फायदा खरा आहे आणि तो गरिबांच्या घरात जास्त दिसतो.

तिसरी किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही. गच्चीवरची टाकी, खालचा सम्प, मोटर, तिचं वीजबिल, बोअर, टँकर आणि पाण्यासाठी बुडालेली कामाची पाळी. सरकार जे करत नाही ते घराघरानं आपापल्या खिशातून केलेलं असतं. ज्याला सम्प बांधणं परवडतं त्याला आडदिवशीचं पाणी चालून जातं. खोलीत भाड्यानं राहणाऱ्याला नाही.

कंत्राटाची अट बदलली, मग काम बदललं

सरकारी पाणी योजनेची नेहमीची पद्धत आपल्याला माहीत आहे. प्रकल्प अहवाल होतो, निविदा निघते, सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम जातं. कुदळ मारून कामाचा शुभारंभ होतो. किती मीटर पाईप टाकला, किती लिटरचा जलकुंभ बांधला याची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते आणि त्यावर बिल निघतं. नळाला पाणी किती वेळ आणि किती जोरानं आलं, ही नोंद त्या पुस्तिकेत नसते. दोषदुरुस्तीची मुदत संपली की ठेकेदार मोकळा आणि पुढची गळती पाणीपुरवठा विभागाच्या माथी.

प्रात्यक्षिक विभागांत हा क्रम बदलला. ज्या कंपनीनं जाळं तपासून आराखडा करायचा आणि पाईप टाकून घ्यायचे, तिनंच पुढं दोन वर्षं तो भाग चालवून दाखवायचा, अशी अट होती. मोबदल्याचा काही भाग पुरवठा, दाब, गळती यांच्या उद्दिष्टांशी बांधलेला होता. उद्या आपल्यालाच सांभाळायचं आहे म्हटल्यावर आजचा जोड कोणी कच्चा ठेवत नाही.

तांत्रिक भागही समजायला अवघड नाही. शहराचे छोटे पाणीविभाग पाडतात. प्रत्येक विभागात पाणी शिरतं त्या तोंडावर मोठा मीटर आणि प्रत्येक घराला छोटा मीटर बसवतात. समजा, मोठ्या मीटरवर १०० लिटर दिसले आणि सगळ्या घरांची बेरीज ६५ आली, तर ३५ लिटर कुठं तरी मुरले किंवा चोरीला गेले. गळती नेमकी शोधायला रात्री दोन ते चार ही वेळ चांगली. तेव्हा लोक झोपलेले असतात. तरीही मोठा मीटर जोरात फिरत असेल तर पाणी जमिनीत चाललं आहे. मग तेवढाच विभाग तपासायचा, अख्खं शहर खोदायचं नाही.

विरोधही झाला. पाणी खासगी कंपनीच्या हातात जातंय, दर वाढतील, गरिबाचा नळ तुटेल ही भीती लोकांनी बोलून दाखवली आणि ती निराधार म्हणता येणार नाही. मात्र या प्रयोगात भांडवल सरकारी होतं, मालमत्ता सरकारी होती आणि दर ठरवण्याचा हक्क कंपनीकडे नव्हता. कंपनी चालक होती, मालक नाही. खासगीकरणावरच्या चर्चेत हा फरक अनेकदा दोन्ही बाजूंनी पुसला जातो.

दहा टक्क्यांवर गाडी अडली

२००८ मध्ये प्रयोग यशस्वी झाला. त्याच्या पुढच्या टप्प्याला, म्हणजे उरलेल्या शहरापर्यंत २४ तास पाणी नेण्याच्या प्रकल्पाला जागतिक बँकेचं १० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं २०१६ मध्ये. लार्सन अँड टुब्रो कंपनीनं हुबळी-धारवाड आणि बेळगावचं काम हाती घेतलं २०२० नंतर. म्हणजे यश सिद्ध झाल्यावर उरलेल्या शहरात काम सुरू व्हायलाच बारा वर्षांहून जास्त काळ गेला. तोवर प्रात्यक्षिक विभाग मुदतवाढीवर चालत राहिले. २००८ मध्ये जन्मलेलं मूल आज कॉलेजात जायच्या वयाचं आहे.

याचं कारण पहिल्याच आराखड्यात होतं. प्रयोग यशस्वी झाला तर पुढं कोण, किती दिवसांत आणि कुठल्या पैशातून वाढवणार, हे आधी बांधून घेतलेलं नव्हतं. प्रात्यक्षिक हा स्वतंत्र प्रकल्प होता. त्याचा निधी आणि मुदत संपली, मग नवा अहवाल, नवी मंजुरी, नवी निविदा असं सगळं पहिल्यापासून. या काळात शहर वाढलं, नवीन वसाहती झाल्या, सिमेंट महागलं, पाईप महागले.

शिवाय प्रात्यक्षिक विभागासाठी पाणी बाजूला काढणं सोपं असतं. अख्ख्या शहराला दाबानं द्यायचं तर उपसा, शुद्धीकरण, मुख्य जलवाहिनी, जलकुंभ सगळंच वाढवावं लागतं. त्यात रस्ता एका खात्याचा, पाईप दुसऱ्याचा, केबल तिसऱ्याची. आधी काँक्रीट आणि मग खोदाई, हे चित्र प्रत्येक शहराच्या ओळखीचं आहे. खात्यांनी एकाच नकाशावर आपापली कामं मांडावीत म्हणून केंद्रानं ऑक्टोबर २०२१ मध्ये पीएम गतिशक्ती सुरू केली. पण गल्लीतला चर कधी बुजवायचा हे दिल्लीच्या नकाशावर ठरत नाही, त्यासाठी शहरातच एक जबाबदार माणूस लागतो.

पैसा कुठून येतो?

पाणी योजनेसाठी शहराला चार वाटा असतात : अनुदान, कर्ज, कर्जरोखे आणि पाणीपट्टी.

*अनुदान.* केंद्राच्या अमृत २.० योजनेत (ऑक्टोबर २०२१) केंद्राचा वाटा लोकसंख्येवर ठरतो. एक लाखाच्या आतल्या शहराला ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश, दहा लाखांवरच्या शहराला २५ टक्क्यांपर्यंत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार होती, म्हणजे ते मधल्या गटात येतं. उरलेला वाटा राज्यानं आणि महापालिकेनं घालायचा. बहुतेक योजना याच उरलेल्या वाट्यावर अडतात.

*कर्ज.* जागतिक बँकेसारख्या संस्थांचं कर्ज. व्याज कमी, मुदत लांब, पण अटी आणि मंजुरीचे टप्पे अनेक.

*कर्जरोखे.* महापालिका बाजारातून थेट पैसे उभे करते. मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्या बऱ्याच शहरांनी हा मार्ग धरला :

- पुणे, जून २०१७ : २०० कोटी, व्याज ७.५९ टक्के, २४ तास पाणी योजनेसाठी
- हैदराबाद, फेब्रुवारी २०१८ : २०० कोटी, ८.९० टक्के, रस्ते आणि उड्डाणपुलांसाठी
- वडोदरा, मार्च २०२२ : १०० कोटी, ७.१५ टक्के, अमृतमधल्या कामांसाठी
- इंदूर, फेब्रुवारी २०२३ : २४४ कोटी, ८.२५ टक्के, जलूद इथल्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी

यातून शिकण्यासारखं पुणे आणि इंदूरच्या तुलनेत आहे. इंदूरला नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून आणावं लागतं आणि त्याच्या विजेचं बिल मोठं असतं. रोख्यांचा पैसा हे बिल कमी करणाऱ्या सौर प्रकल्पाला लावला, म्हणजे विजेच्या बचतीतून व्याज फेडायची सोय झाली. पुण्यात पैसा आधी उभा राहिला. नंतर कामाच्या निविदांवरून वाद झाला, त्या रद्द करून पुन्हा मागवाव्या लागल्या. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटींच्या वर व्याज. कामाची तयारी नसताना पैसा उचलला तर हे मीटर पहिल्या दिवसापासून पळतं.

*पाणीपट्टी.* ही सर्वांत नकोशी वाटणारी आणि सर्वांत गरजेची वाट. अनुदानानं पाईप येतो, पण दर महिन्याचं वीजबिल, क्लोरीन, दुरुस्ती आणि पगार त्यातून भागत नाहीत. गोव्यात सप्टेंबर २०२१ पासून महिना १६ हजार लिटरपर्यंत मोफत पाण्याची योजना लागू झाली. अशा सवलतीचा खर्च शेवटी राज्याच्या तिजोरीतून जातो. सवलत द्यावी की नाही हा लोकांनी ठरवायचा प्रश्न आहे, पण ती रक्कम अंदाजपत्रकात स्पष्ट दिसली पाहिजे. नाही तर तिची भरपाई दुरुस्तीच्या पैशातून होते आणि पाच वर्षांत नवा पाईप जुना होतो.

मलकापूर आणि नागपूर

कराडशेजारच्या मलकापूरचं उदाहरण छोटं पण ठसठशीत. महाराष्ट्रात २४ तास मीटरनं पाणी देणाऱ्या सुरुवातीच्या गावांत त्याचं नाव येतं. मीटर, टप्प्यानं चढणारा दर आणि लोकांशी आधीच केलेली बोलणी या तिन्ही गोष्टी तिथं एकत्र आल्या. गरजेपुरतं वापरणाऱ्याला स्वस्त, बाग-गाडी धुणाऱ्याला महाग, हे गणित गावाला पटलं. खासगी परदेशी कंपनी नसतानाही हे जमतं, हा मलकापूरचा धडा.

नागपूरनं वेगळी वाट धरली. धरमपेठ भागात प्रयोग करून मग २०१२ पासून अख्ख्या शहराचा पाणीपुरवठा २५ वर्षांच्या करारानं वेओलिया आणि विश्वराज यांच्या ऑरेंज सिटी वॉटर कंपनीकडे दिला. प्रयोगानंतर लगेच विस्तार, म्हणजे बेळगावात जे झालं नाही ते तिथं झालं. पण पाच वर्षांत पूर्ण शहराला २४ तास पाणी हे उद्दिष्ट मुदतीत गाठता आलं नाही, आणि दर, बिलं, कराराच्या अटी यांवरून वाद होत राहिले. म्हणजे करार मोठा केला म्हणून काम आपोआप होत नाही. तो राबवून घेणारा, आकडे समजणारा अभियंता महापालिकेत असावाच लागतो.

जाब कुणाला विचारायचा?

७४ व्या घटनादुरुस्तीनं नागरी पाणीपुरवठा हा नगरपालिका-महापालिकांकडे सोपवायच्या विषयांत घातला. ती १९९३ मध्ये लागू झाली. प्रत्यक्षात कर्नाटकात नागरी पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ, महाराष्ट्रात जीवन प्राधिकरण आणि गोव्यात वर्षानुवर्षं सार्वजनिक बांधकाम खातं अशा राज्याच्या यंत्रणांचा हात मोठा राहिला. नागरिक नगरसेवकाकडे जातो, नगरसेवक मंडळाकडे बोट दाखवतो, मंडळ महामंडळाकडे, महामंडळ कंपनीकडे.

त्यात सभागृहच नसेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. बेळगाव महापालिकेत २०१९ पासून सप्टेंबर २०२१ च्या निवडणुकीपर्यंत लोकनियुक्त सभागृह नव्हतं. पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार काही वर्षं चालला. शहराचं पाणी, रस्ते, कर्ज यांचे मोठे निर्णय अशा काळात झाले तर त्यावर जाहीर चर्चा कुठं होणार? मराठी भाषकांनी बेळगावात कागदपत्रं आपल्या भाषेत मिळावीत म्हणून लढा दिला आहे. पाणी योजनेचा करारही त्या कागदपत्रांत मोडतो. तो कन्नड, मराठी, उर्दू कुठल्याही भाषेतल्या गृहिणीला वाचता आला पाहिजे, कारण बिल तिच्या नावावर येणार आहे.

आपल्या वॉर्डात योजना आली तर विचारा

१. कंत्राटदाराचं बिल कशावर निघणार? पाईपच्या लांबीवर की नळाला येणाऱ्या पाण्यावर?
२. काम संपल्यावर किती वर्षं तोच चालवणार आणि उद्दिष्ट चुकलं तर किती रक्कम कापणार?
३. आमचा भाग कितव्या टप्प्यात आहे? त्या टप्प्याचा पैसा मंजूर आहे की 'पुढं बघू'?
४. पैसा अनुदानाचा आहे की कर्जाचा? व्याज कधीपासून सुरू होतं?
५. आमच्या विभागात किती पाणी शिरतं आणि किती घरांच्या मीटरवर उतरतं, हा आकडा दर महिन्याला जाहीर होणार का?
६. खोदलेला रस्ता कोण बुजवणार, किती दिवसांत?
७. भाडेकरू आणि झोपडपट्टीतल्या घरांना स्वतंत्र नळ मिळणार का? किमान वापराचा दर काय?
८. तक्रार घ्यायला एकच कार्यालय आणि एकच जबाबदार अधिकारी कोण?

वॉर्ड सभेत, माहिती अधिकाराच्या अर्जात किंवा नगरसेवकाच्या दारात हे प्रश्न विचारता येतात. पहिल्या तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली तर योजना पक्की समजायला हरकत नाही. 'काम प्रगतिपथावर आहे' एवढंच उत्तर आलं, तर सम्प बांधायचा खर्च अजून काही वर्षं तुमच्याच खिशातून जाणार आहे.